मन मोकळं केल्यावर पुढे काय होतं?

घरात मोठं दुःख घडलं की माणसं धावून येतात. "धीर धर", "लेकरांच्या तोंडाकडे बघ", "जाणारा गेला, आता मागच्यांचं बघायला पाहिजे" ही वाक्यं हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात ओट्यावर ऐकू येतात. ती मायेनं बोललेली असतात आणि सुरुवातीला त्यांचा आधारही होतो. पुढे महिने जातात, पैपाहुणे आपापल्या घरी परततात, शेजारणींचं येणं कमी होतं. तरीही माणूस अंथरुणातून उठत नाही, घास गिळत नाही, शेताकडे पाऊल वळत नाही. मग त्याच वाक्यांचं ओझं होऊ लागतं. आपल्याला धीर धरता येत नाही म्हणजे आपणच कमी पडलो, असं त्याला वाटतं.

समुपदेशन किंवा मानसोपचार इथे उपयोगी पडतो. त्याबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की समोरची शिकलेली व्यक्ती चार शहाणपणाच्या गोष्टी सांगते आणि आपण ऐकून घरी येतो. तसं असतं तर गावातल्या जाणत्या माणसांनी हे काम कधीच पुरं केलं असतं. समुपदेशनाला पायऱ्या आहेत, पद्धत आहे, आणि त्याचा परिणाम मोजता येतो. या पायऱ्या समजल्या तर तिथे जाण्याची भीतीही कमी होते.

हिंगोलीत हा विषय का महत्त्वाचा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. वसमतच्या हळदीचं नाव दूरवर आहे, पण जिल्ह्याची बरीचशी शेती पावसाच्या भरवशावर चालते. एखाद्या वर्षी पाऊस दडी मारतो, एखाद्या वर्षी काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहतं. काही कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि लेकरं आजी-आजोबांपाशी मागे राहतात. नवऱ्याचं अकाली जाणं, कर्ज, दारू, लग्न करून दूर गेलेली लेक, पुण्याला कामाला गेलेला एकुलता मुलगा, अशा बदलांना इथली घरं तोंड देत असतात.

राज्य शासनाने २०१५-१६ मध्ये शेतकरी आत्महत्यांचं प्रमाण जास्त असलेल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात मराठवाड्यातले आठही जिल्हे होते, म्हणजे हिंगोलीही होता. आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन ठरावीक प्रश्न विचारायचे, कुणाला किती त्रास आहे ते ओळखायचं आणि गरजेप्रमाणे त्यांना आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवायचं, अशी त्याची रचना. यामागचा विचार मोलाचा होता. मनाच्या दुखण्याचा माणूस आपणहून दवाखान्यात येईल याची वाट न पाहता यंत्रणेनेच त्याच्या दारात जायचं.

दुःख कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो

प्रत्येक दुःखाला उपचार लागत नाहीत. जवळचं माणूस गेल्यावर रडणं, झोप उडणं, त्याचा आवाज ऐकू आल्यासारखं वाटणं हे सगळं स्वाभाविक आहे. बहुतेक माणसं घरच्यांच्या सोबतीने आणि रोजच्या कामाच्या रेट्याने हळूहळू सावरतात. त्यांना पेशंट ठरवणं चुकीचं आहे.

मग मदत कधी घ्यायची? जगभरातल्या दवाखान्यांत त्यासाठी नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, उदास वाटलं का, झोप, भूक आणि थकव्याचं कसं आहे, स्वतःबद्दल वाईट वाटतं का, लक्ष लागतं का, हालचाली मंदावल्या आहेत किंवा फार अस्वस्थ वाटतं का, आणि जगणं नको वाटतं का. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २७. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त आली तर नैराश्याची नीट तपासणी व्हायला हवी. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी मदत मिळायला हवी.

शोकाचं मोजमाप वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात सहा महिन्यांनंतरही तीव्र शोकाने रोजचं जगणं अडून राहिलं असेल, तर त्याला दीर्घकालीन शोकाचा विकार मानतात. अमेरिकी वर्गीकरणात मोठ्या माणसांसाठी हाच काळ एक वर्षाचा आहे. दोन्हीकडे हेही बघायला सांगितलं आहे, की त्या समाजाच्या रीतीप्रमाणे शोक जितका चालतो त्याच्या तो बराच पलीकडे गेला आहे का. वर्षश्राद्ध होईपर्यंत सण न करणाऱ्या घराला त्यामुळे कुणी आजारी म्हणणार नाही.

पहिली भेट: नुसतं ऐकणं नव्हे

समजा, कळमनुरी तालुक्यातली एक बाई आहे. वय पस्तिशीचं, नवरा हृदयविकाराने अचानक गेलेला. तीन एकर कोरडवाहू जमीन, शाळेत जाणारी दोन मुलं आणि म्हातारी सासू. आठ महिने झाले, ती घराबाहेर पडत नाही. आशाताई तिला समुपदेशकाकडे घेऊन येते.

पहिल्या भेटीत समुपदेशक आधी सांगतो, की इथे बोललेलं इथेच राहील. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. ही गुप्तता मोडण्याचे प्रसंग मोजके असतात. तिच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावं लागतं. हेही तो सुरुवातीलाच स्पष्ट करतो. सासू सोबत आली असेल तर तिला थोडा वेळ बाहेर बसायला सांगतो. एका घरात राहूनही काही गोष्टी सासूसमोर बोलता येत नाहीत.

मग तो विचारतो आणि ऐकतो. ती रडली तर थांबवत नाही. "असं कसं म्हणता, तुम्हाला तर दोन मुलं आहेत" असं म्हणून तिचं बोलणं खोडत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलं होतं, की माणूस बदलायला उपचार करणाऱ्याकडे मुख्यतः तीन गोष्टी लागतात: समोरच्याच्या जागी उभं राहून समजून घेणं, त्याला जसा आहे तसा अटी न घालता स्वीकारणं आणि स्वतः खरं वागणं. त्यानंतर उपचाराच्या अनेक पद्धती निघाल्या, पण समुपदेशक आणि पेशंट यांच्यातला विश्वास हा सगळ्यांचाच पाया राहिला.

याच भेटीत एक अवघड प्रश्न सरळ शब्दांत विचारला जातो: "जीव द्यावा असं कधी वाटलं का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, अशी अनेकांना भीती असते. अभ्यासात ती खरी ठरलेली नाही. कितीतरी महिने एकट्याने वागवलेली गोष्ट बोलता आली की माणसाला हलकंच वाटतं. उत्तर 'हो' असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवून तिच्या सुरक्षिततेचं ठरवतात. घरात सोबत कोण राहील, फवारणीची औषधं घरातून हलवून कुलपात कुणी ठेवायची, रात्री कुणाला फोन करायचा, हे नावानिशी लिहून घेतात.

दुसऱ्या भेटीपासून: हातपाय हलवणं

नैराश्यात एक दुष्टचक्र तयार होतं. मन उदास म्हणून माणूस काम सोडतो, बोलणं सोडतो, शेतात जाणं सोडतो. त्यामुळे दिवसातून समाधानाचे, माणसांत मिसळण्याचे क्षण निघून जातात आणि मन आणखी खचतं. "बरं वाटलं की उठेन" असं तो म्हणतो आणि बरं वाटायचं काही येतच नाही. विहिरीवरच्या मोटारीत आधी वरून पाणी भरावं लागतं, तेव्हा कुठे ती खालचं पाणी ओढते. इथेही आधी छोटी कृती करावी लागते आणि उत्साह मागाहून येतो.

म्हणून समुपदेशक त्या बाईबरोबर बसून तिच्या दिवसाचा तक्ता करतो. पूर्वी काय केल्यावर बरं वाटायचं? मुलांना शाळेत सोडणं, बचत गटाच्या बैठकीला जाणं, बहिणीशी फोनवर बोलणं. पहिल्या आठवड्यात यातली एकच गोष्ट, तीही दोन दिवस. पुढच्या भेटीत त्याचा हिशोब होतो: जमलं का, आधी कसं वाटलं, नंतर कसं वाटलं, नाही जमलं तर आडवं काय आलं. न जमल्याबद्दल कुणी रागावत नाही. अडचण शोधून काम आणखी छोटं करतात.

या पद्धतीची कसोशीने तपासणी आपल्या शेजारी गोव्यात झाली. 'संगत' या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ पेशंटांवर हा अभ्यास केला. समुपदेशन करणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते. ते त्याच भागातले, या विषयाचं आधी कोणतंही शिक्षण नसलेले पण खास प्रशिक्षण दिलेले लोक होते. आठवड्याला एक, अशा सहा ते आठ भेटी, प्रत्येक ३० ते ४० मिनिटांची. तीन महिन्यांनी पाहिलं तर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त आरोग्य केंद्रातले नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरानेही फायदा टिकून होता. मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच असलेल्या जिल्ह्यांसाठी ही फार मोठी बातमी आहे.

प्रश्न वेगवेगळे करणं

त्या बाईचं दुःख एक आहे, पण डोक्यात दहा काळज्या एकत्र झाल्या आहेत. समुपदेशक त्या कागदावर उतरवतो. सातबाऱ्यावर वारसांची नावं लागलेली नाहीत. बँकेचं पीककर्ज थकलं आहे. जमीन या वर्षी कोण कसणार ते ठरलेलं नाही. दीर जमिनीबद्दल काय म्हणेल याची धास्ती आहे. रात्री झोप लागत नाही.

मग एकेका प्रश्नासमोर काय करता येईल ते लिहायचं. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे कोणती कागदपत्रं लागतात? सोबत भाऊ येईल का? संजय गांधी निराधार योजनेसाठी अर्ज केला आहे का? ज्यावर आपला ताबा नाही, त्याचा वेगळा रकाना. या आठवड्यात एकच काम. तलाठ्याकडे जाऊन आल्यावर तिचं दुःख संपत नाही, पण "माझ्याच्यानं काहीच होणार नाही" ही खात्री डळमळते. तिच्या बरं होण्यात त्याचा वाटा मोठा असतो.

विचार तपासून बघणं

दुसरी पद्धत विचारांवर काम करते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती अमेरिकेत सुरू केली. मुंबईच्या प्रा. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ती भारतात रुजवली; मराठीत ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ओळखली जाते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेच्या कामातून ती कितीतरी मराठी घरांपर्यंत पोचली.

तिचं सूत्र असं: घटना घडते, तिच्याबद्दल आपण मनाशी काहीतरी म्हणतो, आणि त्या म्हणण्यातून भावना तयार होते. एका शेतकऱ्याच्या हळदीचा भाव पडला आणि लेकीच्या लग्नासाठी काढलेलं कर्ज फिटलं नाही, असं समजा. ही घटना खरी आहे आणि वाईट आहे. पण तो मनात म्हणतो, "कर्ज फेडता आलं नाही, म्हणजे मी बाप म्हणून नालायक. आता गावात तोंड दाखवायला जागा नाही." समुपदेशक त्याला विचारतो: तुमच्या भावावर हीच वेळ आली असती तर त्याला नालायक म्हटलं असतं का? हळदीचा भाव तुमच्या हातात होता का? गावात कर्ज थकलेले तुम्ही एकटेच आहात का? तोंड दाखवायला जागा नाही, असं नेमकं कोण म्हणालं?

"सगळं छान होईल" असं त्याच्या गळी उतरवण्याचा हा प्रयत्न नसतो. नुकसान झालं की वाईट वाटणारच आणि वाटायलाच हवं. दुःख, काळजी, खंत या भावना माणसाला काही करायला लावतात; बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाचं विचारायला लावतात. स्वतःचा तिरस्कार आणि हताशा त्याला जागीच खिळवून ठेवतात. या उपचारानंतर दुःख उरतं, पण हताशेची पकड सुटत जाते.

शोक आणि संसार यांच्यात ये-जा

जवळचं माणूस गेल्यावर काही लोक त्याची प्रत्येक आठवण टाळतात. फोटो आत ठेवतात, तो गेला त्या रस्त्याने जात नाहीत. काही जण दिवसभर त्याच आठवणीत बुडालेले राहतात. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं, की सावरणारा माणूस या दोन्हींमध्ये ये-जा करत असतो. कधी तो रडतो, आठवणी काढतो. कधी त्या बाजूला ठेवून बियाण्याची पिशवी आणायला जातो, मुलाचा अर्ज भरतो. दोन्ही गरजेचं आहे. फक्त एकाच बाजूला अडकणं धोक्याचं.

म्हणून समुपदेशक त्या बाईला तो दिवस नीट, पहिल्यापासून सांगायला लावतो. आठ महिन्यांत तिला तो कुणी पूर्ण सांगू दिलेला नसतो. दोन वाक्यांतच "नको आठवू" म्हणून थांबवलेलं असतं. "त्या रात्रीच दवाखान्यात नेलं असतं तर" हा सल बाहेर येतो आणि त्या रात्री तिला प्रत्यक्षात काय माहीत होतं, हे तिला पुन्हा बघता येतं. नवऱ्याला विसरायला कुणी सांगत नाही. त्याने लावलेलं झाड जपणं, मुलांना त्याच्या गोष्टी सांगणं, अशा रीतीने नातं जपत पुढे जाता येतं. औंढ्याच्या नागनाथाला जाणं किंवा नर्सीच्या नामदेवाच्या दारी कीर्तनाला बसणं तिला बळ देत असेल, तर तेही तिच्या आठवड्याच्या तक्त्यात येतं.

वेळ, औषधं आणि अपेक्षा

पहिल्या एकदोन भेटींनंतर काहींना जास्तच रडू येतं. दाबून ठेवलेलं बाहेर येतं, म्हणून तसं होतं. चांगले-वाईट आठवडे येत राहतात. पोळा आणि दिवाळी बहुधा जड जातात आणि समुपदेशक त्याची तयारी आधीच करून घेतो. सहा-आठ भेटींत अजिबात फरक नाही असं वाटलं तर ते स्पष्ट सांगावं. पद्धत किंवा समुपदेशक बदलणं हा पेशंटचा हक्क आहे.

त्रास तीव्र असेल तर औषधं लागतात आणि ती मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे या विषयाचे डॉक्टर, देतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून त्या सोडू नयेत आणि बरं वाटलं म्हणून डॉक्टरांना न विचारता बंदही करू नयेत. अनेकांना गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही मिळून जास्त उपयोग होतो.

जे समुपदेशनाने होत नाही

नोव्हेंबर २०२३ मध्ये सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी आमचे अवयव विकत घ्या, अशी मागणी मुख्यमंत्र्यांकडे केली होती. त्या मागणीचं उत्तर समुपदेशनाच्या खोलीत नाही. पिकाला भाव, वेळेवर पीकविमा, सावकाराच्या पाशातून सुटका ही धोरणाची आणि राज्यकर्त्यांची कामं आहेत. शेतकऱ्याचं मन कमकुवत आहे म्हणून तो मरतो, असं म्हणणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

पण कर्ज फिटेपर्यंत माणूस जगायला हवा, हेही तितकंच खरं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी नैराश्याबद्दल माहिती दिली, प्रशिक्षित समुपदेशक गावात बसले, गंभीर पेशंटसाठी मानसोपचारतज्ज्ञ जवळ आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे सुरुवातीला ४.३ टक्के होते. दीड वर्षात ते २७.२ टक्के झाले. सेवा गावात आली आणि लाज कमी झाली, तशी माणसं पुढे आली. हिंगोलीच्या गावांतही हे घडू शकतं. त्यासाठी आशांना नियमित प्रशिक्षण आणि कामाचा योग्य मोबदला हवा, आणि समुपदेशकांची पदं भरलेली हवीत. २०२४ मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. त्याच्या मानसोपचार विभागाने आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या गावी बसावं, ही मागणी जिल्ह्याने लावून धरायला हवी.

आज काय करता येईल

गावातल्या आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा किंवा हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. घरातून निघणं शक्य नसेल तर केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी दोन आठवड्यांहून जास्त काळ गप्प झालं असेल, जेवण-झोप तुटली असेल, "माझ्यावाचून तुमचं काही अडणार नाही" असं बोलू लागलं असेल, तर सल्ला देऊ नका. जवळ बसा, विचारा, पूर्ण ऐकून घ्या आणि पहिल्या भेटीला स्वतः सोबत जा. आणि ती व्यक्ती तुम्ही स्वतः असाल, तर आजच १४४१६ ला फोन लावा.